बायकांचे केस गळतात तेव्हा: हार्मोनचा हात कसा ओळखायचा आणि पुढं काय करायचं

केस गळायला लागले की घरात पहिली चर्चा तेलाची होते, दुसरी शाम्पूची. दोन्ही थोडी बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर काढा. आज फणीत आलेल्या केसाला वाढ थांबवायचा हुकूम साधारण २ ते ३ महिन्यांपूर्वीच मिळालेला असतो. त्यामुळे गेल्या आठवड्यात बदललेला शाम्पू किंवा नव्या घरातलं बोअरचं पाणी याला दोष देण्यात बराच वेळ वाया जातो.

डोक्यावर ढोबळमानानं १ लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकानं चालतं. २ ते ६ वर्षं वाढ, मग २-३ आठवडे वाढ आटोपती घेणं, मग सुमारे ३ महिने विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. निरोगी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात, उरलेले विश्रांतीत. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हा आजार नाही.

हार्मोन या वेळापत्रकात दोन तऱ्हांनी ढवळाढवळ करतात आणि त्या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात एकाच वेळी खूप मुळं विश्रांतीत ढकलली जातात. बाळंतपण, थायरॉईडचा बिघाड, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं यांनी असं होतं. केस मुठीनं जातात, बाई घाबरून जाते, पण मुळं शाबूत असतात आणि कारण दूर झालं की केस परत येतात. दुसऱ्या प्रकारात गळणं फारसं जाणवतही नाही. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे हार्मोन टाळूवरच्या काही मुळांना दर फेरीत थोडं लहान करत जातं. जाड केसाच्या जागी बारीक, आखूड केस येतो, पुढच्या फेरीत त्याहून बारीक. भांग रुंद होतो, वेणी हाताला पातळ लागते. हे आपोआप थांबत नाही आणि उपचाराला जितका उशीर होईल तितकं हाती कमी लागतं. कित्येकींना दोन्ही प्रकार एकदमच असतात. पहिल्या प्रकारामुळे केस इतके विरळ होतात, की आत दबून राहिलेला दुसरा प्रकार उघडा पडतो.

घरी करायची पाहणी

न्हाण्याची चाचणी हा दोन प्रकार वेगळे करायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. केस निदान ६-७ इंच लांब असले तरच ती उपयोगी. बॉयकटमध्ये आखूड केसांचा अर्थ लागत नाही. ५ दिवस केस धुऊ नका. त्यानंतर धुताना मोरीच्या जाळीवर पांढरी मलमल किंवा जुना पातळ पंचा नीट दाबून बसवा, म्हणजे एकही केस वाहून जाणार नाही. नेहमीसारखा शाम्पू करा, पूर्ण पाणी घाला. कापडावरचे आणि बोटांत अडकलेले सगळे केस कागदावर पसरून वाळवा आणि मोजा.

मोजताना आधी तुटलेले तुकडे बाजूला काढा. मुळापासून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला मोहरीहून खूपच लहान, पांढुरकी गाठ असते. उजेडात धरून बोटांवर फिरवलात तर ती दिसते. दोन्ही टोकांना गाठ नसेल तर तो केस मध्येच तुटलेला आहे. असे तुकडेच जास्त असतील तर दोष स्ट्रेटनिंग, रंग, ब्लीच किंवा ओल्या केसांतून ओढलेल्या कंगव्याचा. हार्मोनचा तिथं संबंध नाही.

उरलेल्या केसांतून ३ सेंटीमीटर किंवा त्याहून आखूड, बारीक केस वेगळे करा. एकूण केस १०० च्या वर असतील आणि आखूड केस त्यातल्या दहाव्या हिश्श्याहून कमी असतील, तर पहिला प्रकार. एकूण १०० च्या आत असतील पण दहातला एक किंवा जास्त केस आखूड असेल, तर दुसरा. संख्याही जास्त आणि आखूड केसही जास्त, तर दोन्ही. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा, पुढं डॉक्टरांपुढं ते फार कामाला येतात.

आता भांग. खिडकीच्या उजेडात टाळूवर मधोमध भांग पाडून फोटो काढा. मग मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला तसाच उभा भांग पाडून दुसरा फोटो घ्या. डीएचटीचा परिणाम मागच्या केसांवर जवळजवळ होत नाही, त्यामुळे तुमचा मागचा भांगच तुमचं माप आहे. पुढचा त्याच्या दीडपट-दुप्पट रुंद दिसत असेल आणि कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी असेल, तर ती बायकांमधली आनुवंशिक विरळी असण्याची शक्यता मोठी. बहुधा ही विरळी कपाळाच्या बाजूला जास्त रुंद आणि टाळूकडे निमुळती होत जाते. पुरुषांसारखं कपाळ मागं सरकणं बायकांमध्ये कमी दिसतं. पहिल्या प्रकारात मात्र केस सगळीकडूनच जातात, मागूनही, आणि कानशिलांजवळची विरळी पटकन नजरेत भरते.

काही खुणा हार्मोनच्या नसतात, पण त्यांना हार्मोन समजून महिने घालवले जातात. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे बहुधा चाई. आंबाडा किंवा पोनीटेल रोज घट्ट बांधणाऱ्यांच्या कडेचे केस ओढ बसून जातात. आणि एक खूण घाईची आहे: जिथले केस गेले तिथली त्वचा चकचकीत झाली, केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, सोबत आग किंवा दुखरेपणा असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. या आजारांत मूळच नष्ट होतं आणि गेलेला केस परत आणता येत नाही.

३ महिने मागं मोजा

गळती सुरू झाल्याचा अंदाजे आठवडा ठरवा आणि तिथून २ ते ४ महिने मागं जा. डेंग्यू, टायफॉईड किंवा कोविडचा ताप, मोठं ऑपरेशन, महिन्यात ५-६ किलो उतरवणारं डाएट, बाळंतपण, गर्भपात, गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या किंवा सोडल्या, यांपैकी काही सापडतं का पाहा. सापडलं, न्हाण्याची चाचणीही पहिला प्रकार सांगत असेल आणि कारण संपलेलं असेल, तर बहुतेक वेळा ६ महिन्यांत गळती आपोआप ओसरते. तोपर्यंत लोह आणि प्रथिनं पुरेशी जात आहेत ना एवढं बघायचं.

या हार्मोनच्या गोळ्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बायका डॉक्टरांना औषधं सांगताना या गोळ्या धरतच नाहीत. काही गोळ्यांमधल्या प्रोजेस्टिनना (प्रयोगशाळेत बनवलेल्या स्त्री-हार्मोनना) पुरुष-हार्मोनसारखा थोडा गुण असतो. लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि नॉरएथिस्टेरॉन ही त्यातली नेहमीची नावं. इमर्जन्सी गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. गौरी-गणपती, लग्नकार्य किंवा वारीसाठी पाळी पुढं ढकलायला जी गोळी घेतात, त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. एखाद्या वेळच्या गोळ्यांनी विरळी येत नाही, पण घराण्यात टाळू विरळ होण्याची प्रवृत्ती असेल आणि या गोळ्या वर्षातून अनेकदा होत असतील तर ते सांगायलाच हवं. हार्मोन सोडणारी तांबी बसवली असेल तर तेही सांगा. जिममधली डीएचईएची पावडर, स्तनाच्या कर्करोगानंतरचं लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन यांनीही केस पातळ होतात. मात्र कर्करोगाची गोळी केसांसाठी स्वतःहून कधीही बंद करायची नाही.

बाळंतपणानंतर

गरोदरपणात इस्ट्रोजेन भरपूर असतं आणि ते केसांना वाढीच्या अवस्थेत धरून ठेवतं. एरवी रोज गेले असते ते केस नऊ महिने डोक्यावरच राहतात, म्हणून वेणी दाट वाटते. बाळंतपणानंतर काही दिवसांत इस्ट्रोजेन एकदम खाली येतं, थांबलेली सगळी मुळं एकत्र विश्रांतीत जातात आणि २ ते ४ महिन्यांनी हिशेब एकदम चुकता होतो. बाळ चौथ्या महिन्यात असताना गळती सहसा सर्वांत जास्त असते. ६ ते १२ महिन्यांत केस पूर्ववत होतात आणि कपाळाच्या कडेला उभे राहणारे आखूड कोंब ही चांगली खूण आहे. याचं खापर अंगावर पाजण्यावर फोडू नका आणि केसांसाठी पाजणं तर मुळीच तोडू नका.

या काळात मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायला टाळूवर लावायचं औषध, लावायचं नाही. अळिवाची खीर किंवा लाडू जरूर खा. अळिवात लोह चांगलं असतं आणि सोबत लिंबू-आवळा असला तर ते जास्त लागू पडतं. पण बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला असेल तर लाडवांवर भागत नाही, लोहाची गोळी लागतेच. गळती वर्षभरानंतरही सुरू असेल, किंवा छातीत धडधड, मग काही महिन्यांनी सुस्ती, थंडी, वजन वाढणं असा क्रम दिसत असेल, तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉईडला सूज येऊन तो आधी जास्त आणि मग कमी चालणं ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, आणि ती ‘बाळंतिणीचा थकवा’ म्हणून सोडून दिली जाते.

गळलेल्या केसांचा बाळालाही धोका असतो. मोज्यात, हातमोज्यात किंवा दुपट्यात अडकलेला आईचा लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळून आवळला जाऊ शकतो. रक्तपुरवठा तुटतो, बोट लाल-जांभळं होऊन सुजतं आणि बाळ कशानंही शांत होत नाही. रोज न्हाऊ घालताना हातापायाचं प्रत्येक बोट उघडून पाहा, मुलगा असेल तर शिश्नही. कपडे उलटे करून झटका. केस मांसात रुतलेला दिसला तर घरी सुईनं उकरत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

थायरॉईड

थायरॉईड कमी चालत असेल तर केस कोरडे, राठ होऊन सगळीकडून गळतात, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात, मलावरोध आणि पाळीला जास्त अंगावरून जाणं सोबत असतं. थायरॉईड जास्त चालला तरी केस गळतात, तेव्हा ते मऊ आणि बारीक होतात.

थायरॉईडची गोळी सुरू केली की गळती लगेच थांबेल ही अपेक्षा चुकीची आहे. डोस बसल्याचं टीएसएचवरून ६ ते ८ आठवड्यांनी कळतं आणि केसांत फरक त्यानंतर ३ ते ६ महिन्यांनी. सुरुवातीला थोडी गळती वाढलेलीही दिसते. त्या भीतीनं गोळी सोडणाऱ्या कमी नाहीत, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा, दूध, नाश्ता अर्धा ते एक तासानंतर. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर त्यात आणि थायरॉईडच्या गोळीत ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी पोटात जाऊनही अंगी लागत नाही आणि डोस उगाच वाढवला जातो. डोस जास्त झाला तरी केस जातात, हेही लक्षात असू द्या.

रिपोर्ट नॉर्मल, तरी केस विरळ

दुसऱ्या प्रकारात सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो. टाळू विरळ होत चाललेल्या बहुसंख्य बायकांचं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असतं. रक्तात हार्मोन किती आहे याहून मूळ त्याला किती दाद देतं हे इथं महत्त्वाचं, आणि ती संवेदनशीलता आई-वडील दोघांकडूनही येऊ शकते. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे हार्मोनचं काही नाही’ हा निष्कर्ष काढून उपचार थांबवू नका. रक्ततपासणी करायची ती पीसीओडी (अंडाशयातल्या हार्मोनचा बिघाड), थायरॉईड, लोहाची कमतरता अशी भर घालणारी कारणं शोधायला.

पीसीओडीची शंका कधी घ्यायची? पाळी ३५ दिवसांहून लांबते किंवा वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येते, हनुवटीवर किंवा पोटावर राठ केस येतात, पंचविशीनंतरही जबड्याच्या रेषेवर मुरुमं राहतात, मानेवर किंवा काखेत कातडी काळसर आणि मखमलीसारखी जाड होते. शेवटची खूण इन्सुलिन नीट काम करत नसल्याची आहे, ती घासून जात नाही. नुसत्या सोनोग्राफीत अंडाशयात बारीक गाठी दिसल्या म्हणून पीसीओडी ठरत नाही. २००३ मध्ये ठरलेल्या आणि आजही वापरात असलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुष-हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं चित्र.

एसएचबीजी ही तपासणी बहुतेक पॅकेजमध्ये नसते आणि नेमकी तीच मागून घ्यावी अशी आहे. एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन. बांधलेलं टेस्टोस्टेरॉन केसांना काही करत नाही, मोकळं असतं ते करतं. इन्सुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं आणि मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा वाटा वाढतो. दोन बायका घ्या, दोघींचं एकूण टेस्टोस्टेरॉन ४५ नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर. त्याला ०.०३४७ नं गुणलं की १.५६ नॅनोमोल प्रति लिटर होतात. आता याला १०० नं गुणून एसएचबीजीनं भागा. पहिलीचं एसएचबीजी ६०, तर उत्तर २.६. दुसरीचं २०, तर ७.८. हा आकडा साधारण ५ च्या वर गेला की मोकळा पुरुष-हार्मोन जास्त आहे असं धरतात. लॅबनं दोघींच्याही टेस्टोस्टेरॉनपुढं ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, पण दुसरीला उपचार वेगळा लागतो. वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के उतरलं तरी एसएचबीजी वाढतं आणि पाळीही सुधारते. ते सावकाश उतरवा. उपासमारीनं उतरवलंत तर ३ महिन्यांनी पहिल्या प्रकारची गळती वर येऊन बसेल.

काही महिन्यांत आवाज जाड झाला, दाढी-मिशी झपाट्यानं वाढली, कपाळ पुरुषांसारखं मागं सरकलं, पाळी एकदम बंद झाली, योनिलिंग मोठं झालं, तर वाट पाहायची नाही. अंडाशय किंवा अॅड्रिनल ग्रंथीत हार्मोन बनवणारी गाठ असू शकते. ती क्वचित असते, पण तिथं आठवडेही महत्त्वाचे. पाळी गेल्यानंतर असं झालं तर शंका आणखी बळावते.

पाळी जाण्याच्या आसपास इस्ट्रोजेन उतरतं, पुरुष-हार्मोन मात्र सावकाश उतरतात, त्यामुळे तराजू त्यांच्याकडं झुकतो. पंचेचाळिशीनंतर भांग रुंदावणं म्हणूनच इतकं आढळतं. हार्मोन रिप्लेसमेंट निव्वळ केसांसाठी देत नाहीत. या वयात कपाळावरची रेषा पट्ट्यासारखी मागं जात असेल आणि भुवयाही उडत असतील, तर तो वर सांगितलेला मूळ नष्ट करणारा आजार असू शकतो. त्यावर नुसतं मिनॉक्सिडिल चोळत बसलात तर मोलाचे महिने जातात.

रक्त कधी आणि कसं द्यायचं

सगळ्यांसाठी पहिली फळी: हिमोग्लोबिनसह सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, व्हिटॅमिन डी, बी-१२. पीसीओडीची लक्षणं असतील तर एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आणि उपाशीपोटी साखर. लक्षणं नसताना हार्मोनचं मोठं पॅकेज करू नका, पैसे जातात आणि हाती काही येत नाही.

हार्मोनचं रक्त पाळीच्या २ ते ५ व्या दिवशी, सकाळी ८ ते १० च्या दरम्यान द्या. पाळी महिनोन्महिने येत नसेल तर डॉक्टर सांगतील त्या दिवशी, पण आधी गरोदर नाही ना हे बघून. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा, कमी येतो. गोळ्या बंद करून ३ महिने गेल्यावरचा रिपोर्ट खरा, आणि त्या ३ महिन्यांत दुसरं गर्भनिरोधक वापरायचं. प्रोलॅक्टिन झोपेतून उठल्याबरोबर, धावपळीनंतर किंवा घाबरलेल्या मनःस्थितीत वाढलेलं दिसतं. उठून २-३ तास झाल्यावर, थोडं शांत बसून रक्त द्या. किंचित वाढलेला आकडा एकदा फेरतपासल्याशिवाय औषध सुरू करू नये.

आणि बायोटिन. केसांच्या गोळ्या आणि रंगीत गमीजमध्ये ते हजारो मायक्रोग्रॅममध्ये असतं. कमतरता नसेल तर त्यानं केस वाढतात याला चांगला पुरावा नाही, उलट अनेक लॅबच्या यंत्रांमध्ये ते चाचणीत घोळ घालतं. टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त येऊन निरोगी बाईला थायरॉईड जास्त असल्याचं निदान होऊ शकतं. रक्त देण्याआधी निदान २ दिवस, डोस मोठा असेल तर आणखी काही दिवस, बायोटिन बंद ठेवा.

फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन १२ असतानाही फेरिटिन ८ असू शकतं. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा १०-१५ छापलेली असते, पण केस गळत असताना बरेच त्वचारोगतज्ज्ञ ते ४० च्या पुढं नेऊ पाहतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन उगाच वाढतं, म्हणून डेंग्यूतून उठल्या उठल्या केलेला रिपोर्ट धरू नका. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा-कॉफीपासून एक-दोन तास दूर. पाळीला रोज ५-६ पॅड भरत असतील तर गोळ्यांनी साठा भरत नाही, दर महिन्याला वाहून जातो. तिथं आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

मिनॉक्सिडिल नीट कसं लावायचं

दुसऱ्या प्रकारासाठी सर्वांत जास्त पुरावा असलेलं औषध हेच. ते हार्मोनला हात लावत नाही, मुळाची वाढीची अवस्था लांबवतं. बायकांसाठी २ टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोनदा १ एमएल, किंवा ५ टक्क्यांचा फेस दिवसातून एकदा, अर्धं झाकण.

डोकं पूर्ण कोरडं हवं. विरळ भागात एक-एक सेंटीमीटरवर ४-५ भांग पाडा आणि ड्रॉपरनं १ एमएल त्या भांगांत वाटून सोडा. औषध कातडीवर जायला हवं. केसांवर गेलेलं फुकट. बोटानं हलकं पसरवा, चोळू नका, आणि हात साबणानं धुवा. रात्रीचं औषध झोपण्याआधी २ तास लावा, नाहीतर उशीवरून गालाला लागतं आणि कपाळावर, कानशिलावर लव वाढते. औषधानंतर ४ तास डोकं धुवायचं नाही, आणि स्कूटरवर निघण्याआधी स्कार्फ-हेल्मेट घालण्यापूर्वी ते पूर्ण वाळू द्या. घरात मांजर असेल तर बाटली आणि औषध लागलेली उशी तिच्यापासून दूर ठेवा. मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणं ठरतं.

तेलाची सवय असेल तर ती न्हाण्याच्या दिवसापुरती ठेवा: धुण्याआधी तासभर तेल, मग शाम्पू, केस वाळले की औषध. तेलकट डोक्यावर औषध नीट उतरत नाही. खोबरेल केसाच्या दांड्याला जपतं, तुटणं कमी करतं, म्हणून ते चांगलंच. मुळापाशी चाललेलं डीएचटीचं काम मात्र त्यानं थांबत नाही. जोरानं मसाज केला की विश्रांतीतले केस लवकर सुटतात, एवढंच.

पहिल्या २ ते ८ आठवड्यांत गळती वाढते. नवा केस वर येताना विश्रांतीतल्या जुन्याला ढकलतो, म्हणून. बहुतेक बायका इथंच बाटली टाकून देतात. ४ महिन्यांच्या आधी निकाल लावू नका, पूर्ण अंदाज १२ महिन्यांनी येतो. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आले तर बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा त्रास असतो, फेसावर या. औषध सोडलं की ३ ते ६ महिन्यांत मिळवलेले केस जातात. गरोदर असाल, राहू इच्छित असाल किंवा अंगावर पाजत असाल तर हे औषध नाही. कमी डोसच्या मिनॉक्सिडिलच्या गोळ्याही अलीकडं दिल्या जातात, पण घोट्यांना सूज, धडधड आणि अंगभर लव हे त्रास असल्यानं त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात.

हार्मोन अडवणारी औषधं

स्पायरोनोलॅक्टोन पुरुष-हार्मोनला मुळाशी जोडू देत नाही. डॉक्टर बहुधा २५-५० मिलिग्रॅमवर सुरू करून सहन होईल तसं १०० पर्यंत नेतात. फरक दिसायला ६ महिने लागतात. मूलतः हे रक्तदाबाचं औषध, त्यामुळे उठताना चक्कर येऊ शकते, पाळी अनियमित होते. ते पोटॅशियम वाढवतं. मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाबाच्या इतर गोळ्या किंवा पंचेचाळिशीच्या पुढचं वय असेल तर सुरुवातीला आणि मधूनमधून पोटॅशियम तपासावं लागतं. रोज शहाळ्याचं पाणी पिण्याची सवय आणि ‘लो सोडियम’ मीठ, दोन्हीत पोटॅशियम भरपूर, दोन्ही डॉक्टरांना सांगा. मुलगा पोटात असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून पक्कं गर्भनिरोधक नसेल तर ही गोळी नको. मुलाचा विचार मनात आला की लगेच डॉक्टरांशी बोलून थांबवायची.

पीसीओडीत ड्रॉस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. त्या एसएचबीजी वाढवतात, मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. पण रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. पस्तिशीनंतर तंबाखू किंवा सिगारेट, दुखण्याआधी डोळ्यांपुढं चमकणाऱ्या रेषा आणणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, स्वतःला किंवा घरात कुणाला पूर्वी गुठळी, यांपैकी काही असेल तर या गोळ्या नकोत. मैत्रिणीचं प्रिस्क्रिप्शन दाखवून मेडिकलमधून त्या आणू नका. डीएचटी बनू न देणारं फिनास्टेराईड मूल होण्याच्या वयात देत नाहीत. घरात नवरा ते घेत असेल तर गरोदर बाईनं फुटलेली गोळी हातातही धरू नये.

मोजमाप

दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांवर तोच भांग पाडून फोटो काढा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही. न्हाण्याची चाचणी ३ महिन्यांनी एकदा पुरे. ६ महिन्यांनी पहिला आणि सहावा फोटो शेजारी ठेवा. भांग तेवढाच राहिला असेल तर औषध काम करतंय असं समजा, कारण उपचाराविना तो रुंदावला असता. भांग अरुंद होऊन कडेनं बारीक केस दिसले तर फारच छान. तरीही रुंदावत असेल तर औषध खरंच रोज लागत होतं का हे आधी प्रामाणिकपणे तपासा, मग फेरिटिन आणि टीएसएच पुन्हा करा, आणि फोटो, न्हाण्याचे आकडे, पाळीच्या तारखा, सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. त्यांना टाळू डर्मोस्कोपनं (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं) पाहायला सांगा. शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत किती तफावत आहे हे त्यात दिसतं, आणि शंका उरलीच तर टाळूचा ४ मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी करता येते.